निबंधातला ‘मी’

आमच्या तिरोडीला मँगनीजच्या खाणीवर पुष्कळ घरांच्या चुली पेटतात. अशाच एका घरातला बारावीचा विद्यार्थी गेल्या वर्षी माझ्याकडे एक निबंध घेऊन आला. परदेशातील महाविद्यालयाच्या अर्जासोबत तो पाठवावयाचा होता. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये ‘कॉमन ॲप’ हा सामायिक अर्ज स्वीकारतात. त्यातील निबंधात फार तर ६५० शब्दांत स्वतःविषयी लिहावयाचे असते. या मुलाने राष्ट्रसेवेवर लिहिले होते. भाषा निर्दोष होती. परंतु मुलगा त्यात कोठेच नव्हता.

मी विचारले, “काल संध्याकाळी काय केलेस?”

तो संकोचला. “बाबांना पगाराची चिठ्ठी वाचून दाखवली, सर. ती इंग्रजीत असते. कपात कशाची, हे त्यांनी तीनदा विचारले आणि मी त्यांच्यावर खेकसलो. पण हे का लिहायचे असते?”

हेच लिहावयाचे असते! अनुभव थोर असावा लागत नाही. तो आपला असावा लागतो. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. विषय केवढा विशाल! तरीही बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असे तिने लिहिले, म्हणून तो आजही काळजाला भिडतो.

मात्र एक पथ्य पाळावे. दुःख हे दया मिळविण्याचे भांडवल नव्हे. बापाला इंग्रजी येत नाही, हा त्या निबंधाचा विषय नव्हताच. आपण का खेकसलो आणि त्यानंतर आपल्यात काय पालटले, हा विषय होता. शिवाय, आपल्या अनुभवात दुसऱ्याचाही वाटा असतो. म्हणून मी त्याला सांगितले, “पाठविण्यापूर्वी बाबांना वाचून दाखव.”

त्याने मराठीत करून तो वाचून दाखविला. वडिलांनी एक वाक्य गाळावयास सांगितले. ते कोणते, हे मी विचारले नाही.

परदेशी प्रवेश काही त्याला मिळाला नाही. आता तो येथेच शिकतो. चिठ्ठी मात्र दरमहा बापलेक शेजारी बसून वाचतात आणि कपातीचा हिशेब आता वडीलच मुलाला समजावून सांगतात.