सैगलच्या तबकड्या

कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, तर कोणी आगपेट्यांवरचीं चित्रें. या सर्व छंदांत आणि एखाद्या आवडत्या गायकाच्या तबकड्या जमविण्याच्या छंदांत एक मोठा भेद आहे. तिकीट पाहिल्यानें झिजत नाहीं. नाणें तळहातावर घेतल्यानें त्याची मुद्रा पुसट होत नाहीं. तबकडी मात्र जितक्या वेळां ऐकावी तितकी झिजते. ज्या सुखासाठीं ती घरांत आणावयाची, तें सुख घेतां घेतांच ती कणाकणानें संपत जाते. कुंदनलाल सैगल या गायकाच्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकाची सारी कुचंबणा या एका गोष्टींत सांठविली आहे.

सैगलचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजीं जम्मूस झाला आणि १८ जानेवारी १९४७ रोजीं जालंदर येथें त्याचा अंत झाला. उणेंपुरें ४२ वर्षांचें आयुष्य, आणि त्यांतहि गाण्याचीं वर्षें अवघीं पंधरा. आरंभीं रेमिंग्टन कंपनीचीं टंकलेखन-यंत्रें विकणारा हा तरुण कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्यें शिरला, १९३२ मध्यें पडद्यावर आला, १९३५ च्या ‘देवदास’नें घरोघर पोंचला आणि पुढें मुंबईस येऊन १९४३ चा ‘तानसेन’ व १९४६ चा ‘शाहजहान’ देऊन गेला. त्यानें गाइलेलीं गीतें सुमारें १८५ भरतात. संख्या फार मोठी नव्हे, आणि नेमकी हीच गोष्ट संग्राहकाला वेड लावते. कारण हीं सारीं गीतें एक ना एक दिवस आपल्या कपाटांत येतील असें त्याला वाटत राहतें. पहिलीं पन्नास-पाऊणशें हां हां म्हणतां मिळतात. शेवटचीं दहा मिळवितां मिळवितां केस पांढरे होतात.

सैगलच्या आधींच्या गायकांच्या तबकड्या आणि त्याच्या तबकड्या यांत एक शास्त्रीय अंतर आहे. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजानच्या तबकड्या झाल्या, तेव्हां गायकाला कर्ण्यापुढें तोंड धरून उच्च स्वरानें गावें लागे. १९२५ नंतर विद्युत्-ध्वनिमुद्रण आलें, गायकापुढें मायक्रोफोन आला, आणि हळू गाणें शक्य झालें. सैगल हा या नव्या युगाचाच गायक. त्याचा तो खर्जाकडे झुकलेला, किंचित् अनुनासिक, शब्द ओठांवर घोळवीत सोडणारा आवाज कर्ण्याच्या काळांत तबकडीवर नीट उमटलाच नसता. समोर हजार माणसें नसून एकच श्रोता बसला आहे अशा बेतानें तो गातो. म्हणूनच त्याची तबकडी सभेंत नव्हे, घरांत वाजावयाची.

या तबकडीचा देह लाखेचा. छोटा नागपुराकडील पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर किड्यांनीं केलेली लाख, तींत बारीक दगडी भुकटी आणि रंगासाठीं काजळी, असें तें मिश्रण. भुकटी मुद्दामच कठीण घेत. पोलादी सुईचें टोंक तिच्यावर घासून खांचेच्या मापाचें व्हावें हा हेतु. अर्थात् सुई झिजावी आणि तबकडी वांचावी अशी मूळची योजना. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई लावा असें कंपन्या बजावीत. पण संसारी घरांतला हात आंखडता असतो! एकाच सुईवर आठ-दहा गाणीं उरकणारीं घरें कांहीं थोडीं नव्हतीं, आणि ती वेडीवांकडी झिजलेली सुई मग खांचेच्या भिंती खरवडीत जाई.

त्याचें फळ आजचा संग्राहक भोगतो. ‘देवदास’ची अथवा १९४० च्या ‘जिंदगी’तील अंगाईगीताची तबकडी हातीं लागते ती बहुधा काळ्याची करडी झालेली. उलट ज्या गाण्याला त्या काळीं कोणी विचारलें नाहीं, त्याची तबकडी इतक्या वर्षांनींहि आरशासारखी लखलखीत. स्वच्छ प्रत हवी असेल तर लोकांचें नावडतें गाणें घ्यावें. आवडतें हवें असेल तर खरखर सोसावी. यावर कित्येकांनीं तोड काढिली आहे ती अशी, कीं एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्यावयाच्या, एक ऐकावयास आणि एक ठेवावयास. ठेवणींतल्या प्रतीला वर्षानुवर्षें सुई लागत नाहीं. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. तरी तिच्यांत कृपणाच्या पुरलेल्या हंड्याची थोडी कळा येतेच.

आतां घरची मंडळी विचारतात, कीं हींच गाणीं हल्लीं बोटाच्या एका स्पर्शानें ऐकूं येतात, मग हा पसारा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असें, कीं जें ऐकूं येतें तें कोणाच्या तरी कपाटांतील तबकडीवरूनच उतरविलेलें असतें. आणि खरखर काढण्याच्या भरांत पुष्कळदां गायकाचा श्वासहि छाटला जातो. दुसरें असें, कीं त्या काळीं चित्रपटांतील गाणें तबकडीसाठीं बहुधा निराळें गाइलें जाई. १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’मधील भैरवी सैगलनें चित्रपटांत रस्त्यानें चालतां चालतां गाइली, आणि तबकडीसाठीं वेगळी. दोहोंचे ठहराव एक नाहींत, वाद्यांचा मेळहि एक नाहीं. एक ऐकिली म्हणजे दुसरी ऐकिली असें होत नाहीं. शिवाय तबकडीवरचें लेबल हा एक पुरावा असतो. १९४५ च्या ‘पहली नजर’मधील मुकेशचें गाणें अनेकांनीं सैगलचें समजून ऐकलें, लेबल वाचणारा मात्र फसला नाहीं.

तबकड्यांच्या मागोमाग कागद येतात. चित्रपटगृहांत आण्या-दोन आण्यांस मिळणारीं गाण्यांचीं पुस्तकें, जाहिराती, कंपनीच्या याद्या, छायाचित्रें. गायकाची म्हणून दाखविली जाणारी टोपी किंवा पेटी यांविषयीं शहाणा संग्राहक फारसा उत्साह धरीत नाहीं. ती वस्तु त्याचीच कशावरून, हें सांगणारा माणूस सहसा विकणाराच असतो. गाण्यांच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. १९४० मध्यें न्यू थिएटर्सला आग लागली आणि कित्येक चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. १९३२ चे ‘मोहब्बत के आँसू’, ‘जिंदा लाश’ व ‘सुबह का सितारा’ हे सैगलचे पहिले तीन चित्रपट आज पाहावयास मिळत नाहींत. अशा चित्रपटाचें कथानक काय, त्यांत कोण कोण होतें, गाण्यांचे शब्द कोणते, हें शोधूं गेल्यास तीं चार पिवळीं पानेंच हातीं येतात. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनीं १९८० पासून ‘हिंदी फिल्म गीतकोश’ प्रसिद्ध केला, त्यालाहि ठिकठिकाणच्या रसिकांनीं जपलेल्या अशाच चिठोऱ्यांचा आधार आहे. मुंबईस १९९० मध्यें तबकड्या जमविणाऱ्यांची एक संस्थाहि निघाली.

परंतु संग्रहाचा मालक गेल्यावर काय होतें? मुलांना जागा हवी असते, आणि लाखेच्या तबकड्या जड असतात, ठिसूळ असतात. मग त्या पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत येतात. बाहेरचे पुठ्ठे केव्हांच गळालेले. लेबलावर शाईनें लिहिलेलें नांव, एखादी तारीख, क्वचित् ‘लग्नांत भेट’ असे शब्द. किंमत वाढावी म्हणून कांहीं विक्रेते ओल्या फडक्यानें ही शाई पुसावयास जातात आणि तिच्याबरोबर लेबलाचा कागदहि सोलून काढतात.

अशा ढिगांत एखादी तबकडी मधोमध तडा गेलेली निघते. दोन्ही भाग अजून एकत्र असतात, म्हणून विकणारा ती फुकटांतहि देऊं करतो. घरीं आणून ती यंत्रावर ठेवली म्हणजे प्रत्येक फेऱ्यास दोनदां ‘टक्’ असा आवाज होतो. तबकडी मिनिटास ७८ वेळां फिरते, म्हणजे मिनिटास १५६ वेळां. प्रथम दुसरें कांहींच ऐकूं येत नाहीं. मग सैगलचा आवाज सुरू होतो, आणि तीन-चार ओळींनंतर तो टक्-टक् आवाज कोठें गेला हें ऐकणाराच्या लक्षांतहि राहत नाहीं.