गाजरगवत फुलायच्या आधी

आज गायरानाबद्दल बोलू या. जिच्याकडे शेत नाही पण दोन शेळ्या आहेत, तिचं रान म्हणजे गायरानच. आमच्या गावात तिथलं पवन्या, मारवेल कमी झालं आणि गाजरगवत माजलं. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, पोटात गेलंच तर दूध कडवट होतं.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. परदेशी गव्हासोबत त्याचं बी आपल्याकडे आलं असं मानतात. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसलं, आणि आता प्रत्येक बांधावर आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं ठरवलं, बैठकीच्या दिवशी तासभर श्रमदान करायचं. दिवस मीच ठरवला, आणि चुकले. भाद्रपदात गेलो, सगळं पांढऱ्या फुलांनी भरलेलं. उघड्या हातांनी उपटलं, ओढत नेऊन ढीग घातला. एका झाडाला हजारो बिया येतात, त्या वाटभर झडल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेवर गाजरगवताचा गालिचा! शिवाय एका मावशींच्या हातांना पुरळ उठलं. पंधरा दिवस त्यांना भाकरी थापता आली नाही, मजुरीही बुडाली.

त्यातून शिकलो ते सांगते. मृगाचा पाऊस पडून वापसा आला की रोपं लहान असतानाच उपटा, मुळासकट. नुसतं कापलं तर परत फुटतं. हातमोजे घाला, नाक-तोंड बांधा, अंगभर कपडे घाला. दमा किंवा खाजेचा त्रास असलेल्या बाईला या कामाला नेऊ नका. फुलाआधी उपटलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. फुलावर आलेलं मात्र जागेवरच पोत्यात भरा.

पावसाळ्यात त्याची पानं खाणारे पट्ट्यांचे मेक्सिकन भुंगे दिसले, तर ती झाडं राहू द्या. भुंगे आपलंच काम करतात. रस्त्याकडेला तरोट्याचं बी टाका, तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो. गायरानात नको, कारण तरोटा जनावरं खात नाहीत.

गेल्या वर्षी गटाच्या पैशातून हातमोजे घेतले. गायरान सगळं साफ झालेलं नाही. विहिरीकडचा एक पट्टा मोकळा झालाय, तिथं मारवेल दिसू लागलंय. त्याचं बी पडेपर्यंत तिथं शेळ्या सोडायच्या नाहीत, असं बायांनीच ठरवलंय. राखणीची पहिली पाळी माझी आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. फुलं यायची वाट पाहू नका.