काढलेल्या दाताचा सदुपयोग
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मुलाचा पडलेला दात कौलांवर टाकण्याची चाल आपणांस ठाऊक आहेच. मोठेपणी काढलेला दात मात्र दवाखान्याच्या कचऱ्यात जातो. तोच दात आपल्या जबड्याच्या उपयोगी पडू शकतो, हे आज सांगावयाचे आहे.

दहा वर्षांपूर्वी माझी एक दाढ काढली. पुढे कृत्रिम दात बसवावयास गेलो, तो तेथील हाड झिजून अरुंद झालेले! दात गेला की त्यास धरणारे हाड खंगते. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातील बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. हे मला वेळेवर कोणी सांगितले नाही.

ही खाच भरण्यास गुरांच्या हाडांपासून केलेले कणही वापरतात. पुष्कळांच्या मनास ते रुचत नाही. अशांस स्वतःचा दात हा एक पर्याय आहे. दाताचा मुख्य भाग म्हणजे डेंटिन. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य व १० टक्के पाणी असते. हाडाची घडणही याच जातीची. खनिज काढलेल्या डेंटिनमुळे प्राण्यांच्या शरीरात नवे हाड उत्पन्न होते, हे येओमन्स व यूरिस्ट यांनी १९६७ साली दाखविले. दक्षिण कोरियात २००९ मध्ये दातांची पेढीही निघाली.

रीत अशी : दातावरील कीड, कीटण व जुने भरण खरवडून काढतात, दात कोरडा करून दळतात, कण जंतुनाशक द्रवाने शुद्ध करतात आणि त्याच रुग्णाच्या खाचेत भरतात. पुढे काही महिन्यांत शरीर त्या कणांच्या जागी हळूहळू हाड घालते. रूट कॅनाल केलेला दात मात्र सामान्यतः यासाठी घेत नाहीत. शिवाय प्रत्येकास याची गरज असतेच असे नाही. तो निर्णय दंतवैद्याचा.

यंदा माझ्या पत्नीची दाढ काढावयाची होती. या वेळी मी आधीच विचारले, आणि तिची दाढ तिच्याच जबड्यात कामी आली. माझी चूक तिच्या वाट्यास आली नाही, हे समाधान मोठे आहे.

म्हणून विनंती एवढीच, की खुर्चीत बसण्यापूर्वी, “या जागेचे पुढे काय?” असे अवश्य विचारावे. प्रश्नास पैसे पडत नाहीत. विलंबास मात्र पडतात.