जुन्या दगडांचे शिक्षण कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



दुष्काळाने वारंवार होरपळणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करावे, असे कोणी म्हटले की कार्यकर्त्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : जिथे माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे दगडांची काळजी कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही प्रामाणिकच दिले पाहिजे. ते उत्तर नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीच्या पात्रात उभे आहे.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरीचा प्रवाह बंधारा घालून अडविण्यात आला आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सांडव्यांवरून पाणी कोसळत असते, तेव्हाही आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहू शकतो. चारशे वर्षे पुराचा मारा सोसणारी ही रचना केवळ प्रेक्षणीय स्थळ नव्हे; दगडात उतरलेले ते जलशास्त्र आहे. अशा वास्तूच्या सांध्यात पिंपळाचे मूळ शिरले तर काय करावे, हे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला विचारावे लागते. चुना कसा मळावा हे रसायनशास्त्राला आणि गवंड्याला. पाण्याचा दाब अभियंत्याला. आणि फारसी लेखाचा अर्थ भाषेच्या अभ्यासकाला. यांपैकी एकानेच निर्णय केला तर तो चुकण्याची शक्यता अधिक. चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून झिजू लागते. हेतू चांगला असूनही ज्ञान अपुरे असल्यामुळे होणारी ही हानी होय.

तेरने याहून वेगळा धडा दिला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी बाजारपेठ असल्याचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असे. ते तगर म्हणजे तेर, हे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्लीट यांनी दाखवून दिले. हेन्री कझेन्स यांनी तिथल्या त्रिविक्रम मंदिराची मूळ वास्तू विटांचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे ओळखले. परंतु तेरच्या टेकाडांतून निघणारे मणी, नाणी व मृण्मूर्ती हजारोंच्या संख्येने जपून ठेवल्या त्या गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांचे नाव आज तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला आहे. पॉम्पेई येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती याच संग्रहातली. जतनाची पहिली प्रेरणा गावातून आली, हे विसरता कामा नये. तेर हे आजही नांदते गाव आहे. गोरोबाकाकांच्या समाधीला वारकरी येतात, टेकाडांच्या आसपास माणसे राहतात, शेती करतात. त्यांच्या हक्कांचा विचार न करणारे जतन टिकणार नाही. म्हणून या शास्त्रात कायदा, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांनाही स्थान हवे.

या ज्ञानाच्या अभावाची सर्वांत मोठी किंमत या भूमीने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गाडली गेली. त्यानंतर दगडी घर म्हणजे मृत्यू, अशी भीती लोकांच्या मनात बसली, आणि ती स्वाभाविकच होती. तथापि अभ्यासकांना दिसले ते असे की, दोष केवळ दगडाचा नव्हता. भिंतीच्या दोन अंगांना सांधणारे आरपार दगड घातलेले नव्हते. दरवर्षीच्या मातीच्या थरांनी माळवदे जड होत गेली होती. आणि पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. पुढे दुरुस्तीच्या कामात भिंतींत आरपार जोड घालण्याचे तंत्र गवंड्यांना शिकविण्यात आले. जुन्या बांधणीतले काय राखावे आणि काय सुधारावे, हा विवेक भूकंपापूर्वी गावोगाव पोहोचला असता, तर कितीतरी जीव वाचले असते. जतनाचे शास्त्र हा श्रीमंतांचा छंद नव्हे, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

जगाने ही गोष्ट पूर्वीच ओळखली आहे. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेने स्मारकरक्षणासाठी उपयोगी पडणाऱ्या सर्व शास्त्रांचा व तंत्रांचा आधार घ्यावा, असे सांगितले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेम्स मार्स्टन फिच यांनी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले ते हेच विद्यापीठ. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकविले जाते, दिल्लीत वास्तुजतन. परंतु परंड्याच्या वा भूमच्या शेतमजुराच्या मुलीला पुणेही दूर आणि दिल्ली तर त्याहून दूर.

बाबासाहेबांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाड्याच्या विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवमध्येच आहे. तिथे दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम व्हावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगी आहे. त्यात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश असावा. अध्यापन मराठीतून व्हावे; निजामी राजवटीतला हा जिल्हा असल्याने फारसी, उर्दू व मोडी कागद वाचण्याचे शिक्षण सक्तीचे असावे. निम्मा काळ धाराशिवची लेणी, परंडा, नळदुर्ग व तेर येथे प्रत्यक्ष कामात जावा. गवंडी, सुतार आणि कुंभार यांना पाहुणे म्हणून हारतुरे देऊन परत न पाठविता, शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे. आणि गरीब विद्यार्थ्यांना पोटापुरती शिष्यवृत्ती मिळावी; तिच्यावाचून बाकी सर्व योजना कागदावरच राहील.

शेवटी प्रश्न निर्णयाच्या अधिकाराचा आहे. स्मारके दत्तक देण्याच्या योजना शासन आखते, कंत्राटे निघतात, तिकिटांचे दर ठरतात. त्या बैठकांत स्थानिक माणसाला ज्ञानाच्या बळावर बोलता आले नाही, तर त्याच्या वाट्याला रखवालदाराची काठी आणि वाहनतळाची पावती एवढेच उरेल. ज्यांच्या पूर्वजांनी हे दगड वाहिले, घडविले आणि रचले, त्यांच्या मुलांना ते दगड वाचता आले पाहिजेत. ही मागणी भाकरीच्या मागणीआड येत नाही. ती तिच्याच शेजारी उभी आहे.