बॅटरी आणि चार्जर यांचा मेळ



सौरदिवे, शाळेतील इन्व्हर्टर, विजेवर चालणारी दुचाकी यांच्या निमित्ताने लिथियम बॅटरी आता खेडोपाडी पोहोचली आहे. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाने हलकी व दीर्घकाळ टिकणारी ही बॅटरी एका बाबतीत मात्र अत्यंत काटेकोर आहे. मर्यादेपेक्षा अधिक विद्युत्दाब तिला सोसत नाही.

घोटाळा होतो तो ‘बारा व्होल्ट’ या शब्दांमुळे. तीन निरनिराळ्या बॅटऱ्या याच नावाने विकल्या जातात. पहिली आपल्या परिचयाची, शिसे व आम्ल यांची. ती भरण्यास सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. दुसरी लिथियम लोह फॉस्फेटची. तिच्यात चार घट असतात व प्रत्येकाची कमाल मर्यादा ३.६५, म्हणजे एकूण १४.६ व्होल्ट. तिसरी निकेल वा कोबाल्टयुक्त लिथियमची. तिच्यात घट तीनच, प्रत्येकाला ४.२, म्हणजे एकूण १२.६ व्होल्ट.

या तिसऱ्या बॅटरीला जुना १४.४ व्होल्टचा चार्जर जोडल्यास घटामागे ४.८ व्होल्ट पडतात. अशाने घट तापतो, फुगतो, प्रसंगी पेटही घेतो. बॅटरीतील संरक्षक मंडल असा दाब रोखते खरे. परंतु तो अखेरचा उपाय होय, त्यावर नित्य विसंबणे इष्ट नाही. उलट, लोह फॉस्फेटच्या बॅटरीला १२.६ व्होल्टचा चार्जर लावल्यास घटामागे ३.१५ व्होल्टच मिळतात. ती भरतच नाही आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

म्हणून घटांची संख्या व प्रत्येकाची मर्यादा यांचा गुणाकार करावा, चार्जरचा दाब मल्टिमीटरने मोजावा आणि तो त्या आकड्यापेक्षा किंचित कमीच ठेवावा. चार घटांच्या लोह फॉस्फेट बॅटरीस १४.२ ते १४.४ व्होल्ट पुरेसे होतात. शिवाय तिचे आयुष्यही वाढते. जुन्या सौर नियंत्रकांपैकी काहींमध्ये दाब अधूनमधून १५ व्होल्टच्या वर नेण्याची सोय असते. लिथियमसाठी ती बंद करावी. चार्जरच्या पेटीत २३० व्होल्टचा प्रवाह खेळत असतो. यास्तव आतील स्क्रू फिरवून दाब बदलण्याचे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

आपणाकडून अपेक्षा आहे ती एवढीच. खरेदीच्या वेळी बॅटरीचा प्रकार, घटांची संख्या व चार्जरचा दाब यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी आणि तोच आकडा चार्जरवर चिकटवावा. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

सार्वजनिक पैशातून आलेली ही साधने आपण डोळसपणे वापरावीत, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.