बांधावरचा रेडिओ आणि व्हीएचएफ लहरी
(पिंपळगाव रेणुकाई येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पिंपळगाव रेणुकाई म्हटले की हिरव्या मिरचीचा बाजार डोळ्यांपुढे येतो. उन्हाळी मिरचीचे तोडे चालू असतात, त्याच दिवसांत वळवाचे ढग येतात आणि विजा पडतात. अशा वेळी बांधावरचा साधा रेडिओ कामाला येतो. मात्र त्याचा कोणता पट्टा कशासाठी, हे माहीत हवे.

व्हीएचएफ म्हणजे काय?
३० ते ३०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींना व्हीएचएफ म्हणतात. त्यांची लांबी १० मीटर ते १ मीटर असते. आपले एफएम रेडिओ साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालते. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर वैमानिक विमानतळाशी बोलतात. १४४ ते १४६ हा परवानाधारक हौशी रेडिओचालकांचा म्हणजे ‘हॅम’चा पट्टा. कोकणात समुद्रावर संकटात सापडलेली बोट १५६.८ मेगाहर्ट्झवर मदत मागते. दूरदर्शनसाठी घरावर लावलेले जुने ॲल्युमिनियमचे अँटेनेही बहुतांशी याच लहरींसाठी होते. जमिनीवरून होणारे ते प्रक्षेपण आता बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोरा १०० मीटर उंच असला तरी सपाट मुलखात त्या साधारण ४०-४५ किलोमीटरच पोचतात. डोंगर आडवा आला की आवाज खरखरतो. म्हणून एफएम ऐकताना रेडिओ उंच, मोकळ्या जागी ठेवा. काडी मोडली असेल तर तिच्या बुडाला ७५ सेंटिमीटर वायर जोडा. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर, तिचा हा चौथा भाग. आभाळ भरून आलेले असताना मात्र वायर बाहेर लोंबकळू देऊ नका.

विजेची चाहूल
एफएममध्ये आवाज वारंवारतेच्या बदलातून येतो, त्यामुळे विजेचा खडखडाट फारसा ऐकू येत नाही. मध्यम लहरींवर तो स्पष्ट येतो. म्हणून ढग दिसू लागले की रेडिओ मध्यम लहरींवर, केंद्र नसलेल्या जागी लावून ठेवा. थांबून थांबून ‘कड् कड्’ असा आवाज आला तर वीज चमकते आहे. सारखी एकसुरी घरघर असेल तर ती मोटारीची किंवा तारांची समजा. कडकडाट वाढला की तोडा थांबवा आणि मजुरांना पक्क्या घरात न्या. झाडाखाली कोणालाही थांबू देऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शेतात उतरू नये. रेडिओ शांत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मेघगर्जना ऐकू आली की तीच सूचना. मोबाईल असल्यास पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲपही पाहावे.

वॉकी-टॉकी घेताना
विहिरीवरून घरी बोलण्यासाठी काही जण वॉकी-टॉकी मागवतात. व्हीएचएफचा संच परवान्याशिवाय वापरणे गुन्हा आहे. पोलीस व इतर सेवांच्या संदेशांत त्यामुळे अडथळा येऊ शकतो. कमी शक्तीच्या, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या मान्यताप्राप्त संचांना परवाना लागत नाही. विकत घेण्यापूर्वी वारंवारता विचारा.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी रेडिओवरून निरोप पोचवण्यास मदत केली होती. संकटात फोन बंद पडले तरी रेडिओ चालू शकतो. तेव्हा घरात सेलवर चालणारा एक रेडिओ आणि सेलची जादा जोडी जरूर ठेवा.