टायरमधली हवा आणि मार्चएंडचं टार्गेट

(धुळे येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



विक्रीची माणसं सांभाळणाऱ्याने काही दिवस डोंगरात सायकल चालवावी, असं मी आग्रहाने सांगत असतो. आज त्याची कारणं मांडतो. समोर बियाणं, खतं, औषधं, पाइप, ठिबक विकणारी मंडळी बरीच दिसतात आणि त्यातल्या अनेकांच्या हाताखाली फिरतीवरची पोरं आहेत. माझं बोलणं मुख्यतः त्यांच्याशी आहे.

टायरपासून सुरुवात करू. डांबरी रस्त्यावरच्या रेसिंग सायकलच्या टायरमध्ये 80 ते 100 पीएसआय हवा भरतात. इतकीच कडक हवा भरून लळिंगच्या किल्ल्याखालच्या मुरमाड उतारावर गेलात, तर चाक दगडागणिक उडतं. चाक जमिनीला टेकलेलंच नसेल तर ब्रेक कितीही आवळा, हँडल कितीही वळवा, सायकल ऐकत नाही. म्हणून डोंगरात टायर जाड लावतात आणि हवा साधारण 25 ते 30 पीएसआयवर आणतात. टायर थोडा दबतो, दगडाच्या अंगाने बसतो, जमीन धरतो. हवा फारच काढली तर रिम दगडावर आपटते आणि ट्यूब चिरते. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे हवा थोडी जास्त लागते. स्वाराचं वजन किती आणि वाट कशी आहे, हे पाहूनच माप ठरतं. सगळ्यांना एकच माप चालत नाही.

विक्रीत ही हवा म्हणजे टार्गेटचा दाब. आता मार्च महिना आठवा. सकाळी व्हॉट्सॲपवर आकडा, दुपारी फोन, रात्री पुन्हा आढावा. साक्रीच्या कोरडवाहू पट्ट्यात फिरणारा पोरगा आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात फिरणारा पोरगा, दोघांना वाढीचा टक्का एकच. पोरगा डीलरच्या विनवण्या करतो, माल गोदामात उतरवतो, बिल फाडतो. टार्गेट झालं! पण मार्चमध्ये कोंबलेल्या कीटकनाशकाला गिऱ्हाईक येणार जुलै-ऑगस्टात, आणि कापूसवाल्याच्या हाती पैसा येणार दिवाळीच्या आगेमागे. एप्रिल-मेमध्ये माल परत येतो, क्रेडिट नोटांवरून वाद होतात आणि डीलर त्या पोराचा फोन उचलेनासा होतो. ज्या माणसाच्या शब्दावर पुढची दहा वर्षं धंदा चालायचा, त्याचा शब्द आपण एका महिन्यात खर्चून टाकतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही पोरं बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरची असतात आणि ज्या गावात विकतात, त्याच गावांत त्यांचे सोयरेधायरे असतात.

उतारावर दुसरी गोष्ट नजरेची. ज्या दगडाला भिऊन तुम्ही त्याच्याकडे बघत राहता, त्याच्यावरच जाऊन आदळता. शिकवणारे म्हणूनच आधी सांगतात की चाकापुढे बघू नका, जिथून जायचंय तिथे बघा; हात आपोआप तिकडे वळतात. विक्रीत जिथून जायचंय ती जागा म्हणजे शेतकऱ्याचं उभं पीक.

ही नजर आपल्या खानदेशात कोणाकडे होती? जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. 1963 मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली, पुढे शेतीसाहित्याच्या एजन्सी घेतल्या, 1980 मध्ये पीव्हीसी पाइप आणि त्याच दशकाच्या अखेरीस ठिबक. ठिबक हा दुकानाच्या काउंटरवर विकला जाणारा माल नाही. जळगावच्या शिरसोली रस्त्यावर उजाड टेकड्यांवर त्यांनी पाणी अडवून पिकं उभी केली आणि शेतकऱ्यांना तिथे नेऊन दाखवली. बसवलेल्या ठिबकचंही तेच, त्याची निगाही करून दाखवावी लागते. क्षारांनी ड्रिपर चोंदतात, फिल्टर गाळाने भरतो, लॅटरल नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडावं लागतं, अधूनमधून आम्लाची प्रक्रिया करावी लागते. हे करून दाखवणारा माणूस शेतात आला, तर शेजारच्या बांधावरचा शेतकरी स्वतःहून भाव विचारतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची. सुट्या मुरमावर वळण घेताना पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरलंच. वेग वळणाआधी, सरळ वाटेवर कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा. धंद्यातही तसंच. ठिबकच्या धंद्यात विक्री वाढत होती, पण अनुदानाची रक्कम सरकारकडून उशिरा यायची आणि येणी फुगत चालली. 2012 च्या सुमारास भवरलालांच्या जैन इरिगेशनने उधारी आवरून रोखीने विकायचं ठरवलं. विक्री मंदावणार हे दिसत असून घेतलेला हा निर्णय मला धाडसाचा वाटतो. तरीही 2019 मध्ये कंपनी कर्जफेडीत अडकलीच आणि 2022 मध्ये बँकांबरोबरची कर्जपुनर्रचना पार पडली. वळण किती आधी ओळखावं लागतं, हे त्यावरून समजा. वसुलीचा तक्ता विक्रीच्या तक्त्याइतक्याच वेळा उघडला पाहिजे, आणि तोही विक्री जोरात असताना.

म्हणून व्यवस्थापकांना माझी एक विनंती आहे. यंदा पेरण्या आटोपल्या की आपल्या पोराच्या मोटरसायकलवर मागे बसा आणि त्याचा अख्खा दौरा करा. डीलरकडे बोलणं त्यालाच करू द्या, तुम्ही गोदामात जाऊन मागच्या वर्षीचे खोके मोजा. शेतात गेलात तर शेतकऱ्याला विचारा, बिघाड झाला तर तुम्ही फोन कोणाला करता? त्याने पोराचं नाव घेतलं, तर त्या पोराचं पुढच्या मार्चचं टार्गेट ठरवताना त्यालाच आधी विचारा, की दादा, तुझ्या वाटेला किती हवा चालेल?